बाईंचा डावा पाय

गाडी शिकवणाऱ्याला आवाज लागतो, असं ज्याने कुणी ठरवलं त्याने बाईंना पाहिलेलं नसणार. अठ्ठावीस वर्षांत बाई कुणावर एकदाही ओरडल्या नाहीत. समोरून ट्रक येतोय, शिकणाऱ्याने भीतीने डोळे मिटून घेतलेत, आणि बाई शेजारच्या सीटवरून विचारतायत, "तुमच्या धाकटीला म्हणे दात आला. वरचा की खालचा?" त्या माणसाने आठवून उत्तर देईपर्यंत ट्रक केव्हाच निघून गेलेला असे.

बाजारामागच्या गल्लीत एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात उघडं करून ठेवलेलं एक जुनं इंजिन आणि दाराशी पांढरी गाडी, एवढाच बाईंचा संसार. त्या गाडीला पेडलं दोन ठिकाणी होती. शिकवण्याच्या गाड्यांना असतातच. चालवणाऱ्याच्या पायाशी नेहमीची तीन, आणि शेजारी बसणाऱ्या गुरुजींच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक. अडीअडचणीला.

बाईंना स्वतःला शिकवायला आधी नवरा बसला होता. तिसऱ्याच वळणावर तो असा काही खेकसला की बाईंनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि चालत घरी आल्या. चार दिवस अबोला. पुढे नवरा गेला, गाडी कापडाखाली झाकून पडली, आणि शेजारच्या निवृत्त अँब्युलन्सवाल्या काकांनी बाईंना महिनाभरात शिकवलं. ते काका दिवसाला दहा शब्द बोलत. तेव्हाच बाईंनी मनाशी पक्कं केलं, की जगातल्या घाबरट माणसांना न ओरडता गाडी शिकवायची. आणि शिकवलीही. शिवणवाल्या आल्या, मास्तर आले, पंचावन्नाव्या वर्षी सायकलसुद्धा न येणारे एक दातांचे डॉक्टर आले.

बाईंचा स्वभाव मात्र एका बाबतीत फार वाईट होता, आणि ते सांगायलाच हवं. दुसऱ्यासाठी मध्यरात्री उठतील, पण स्वतःसाठी कुणाला काडी उचलायला सांगणार नाहीत. मनगट मोडलं तेव्हा दुसऱ्या हाताने सहा आठवडे पाणी भरलं. कुणी पिशवी धरायला पुढे आलं की म्हणत, "राहू दे, सवय आहे." त्या 'सवय आहे'पुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

आणखी एक गोष्ट. बाईंकडे शिकलेलं माणूस पहिल्या परीक्षेत हमखास नापास होई. कधी दुसऱ्या परीक्षेतही. बाईंसोबत चढ लोण्यासारखा चढणारी माणसं परीक्षेच्या मैदानावर आरटीओचे साहेब शेजारी बसले की पहिल्याच चढावर गाडी बंद पाडत. बाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून हळहळत. त्यांचं म्हणणं, साहेबांच्या मिशांना माणसं बिचकतात. या अठ्ठावीस वर्षांत चार साहेब बदलले, त्यांतल्या दोघांना मिशाच नव्हत्या, पण बाईंचं म्हणणं कायम राहिलं.

तर अशा या बाईंकडे लायब्ररीवाली आली. गावात नवीनच बदलून आलेली, अठ्ठेचाळीस वर्षांची, पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसणारी आणि तिथल्यासारखंच जगभर हळू बोलणारी. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेऊन त्याचं रक्त मशीनवर शुद्ध करून आणावं लागे. गाडी दारात उभी होती, पण चालवायचा तो, आणि आता त्याच्याने ते होत नव्हतं. येताना तो इतका गळून जाई की बसमध्ये उभंही राहता येत नसे. मग आज या शेजाऱ्याला विचार, परवा त्याला विचार. मागच्या महिन्यात नवऱ्याने दोन खेपा चुकवल्या. बरं नाही म्हणून नव्हे, तर आता कुणाला विचारायला तोंड उरलं नाही म्हणून. "दोनदा गेलं तरी भागेल," असं तो म्हणायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, भागणार नाही.

लायब्ररीवाली दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा चढावर. तिसरी परीक्षा गुरुवारी अकराला होती आणि शुक्रवारी तिचं शिकाऊ लायसन्स संपत होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे आणखी दोन महिने तरी गेले. घोडामैदान जवळ आलं होतं, म्हणून मंगळवारी सकाळी बाईंनी तिला पाण्याच्या टाकीच्या चढावर नेलं.

चार वेळा गाडी सुरेख चढली. पाचव्या वेळी अर्ध्या चढावर करपल्याचा वास आला, इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. मागे दुधाचा टेम्पो, त्याच्यामागे आणखी कोण कोण. सगळे हॉर्न एकदम.

"माझ्यामुळे झालं," लायब्ररीवाली म्हणाली. तिचे हात स्टीअरिंगवरून सुटेनात.

"काही नाही झालं. क्लच गेलाय. वस्तू आहे, कधीतरी जाणारच," बाई म्हणाल्या आणि ब्रेक दाबून बसल्या.

"मिस्त्रींना फोन करू?"

"नको. कामात असेल तो. उतारावर मागे घेऊ, मग ढकलू आपण."

"आपण दोघी?"

"सवय आहे."

पण लायब्ररीवालीने जन्मात पहिल्यांदा बाईंचं ऐकलं नाही. फोन केला. वीस मिनिटांत मिस्त्री आपल्या गाडीला दोर बांधून हजर. मिस्त्री म्हणजे बाईंचा पहिला विद्यार्थी; तेव्हा तो विशीत होता, आता केस पिकलेत आणि बाजारात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याने बेकरीवाल्यालाही सोबत आणलं होतं. तोही बाईंचाच चेला. अंगावर पीठ तसंच. दोघांनी मिळून गाडी ओढून नेली, आणि बाई रस्ताभर "उगाच तुम्हाला त्रास" एवढंच म्हणत राहिल्या.

गॅरेजमध्ये गाडी खोलेपर्यंत दुपार झाली. लायब्ररीवाली स्टुलावर बसून होती. नवऱ्याला त्या दिवशी एका शेजाऱ्याने नेलं होतं. ती मिस्त्रीला म्हणाली, "मी नाही बसत परीक्षेला. मला नाही जमायचं. मी बाईंची गाडीसुद्धा मोडली." आणि तोंडाला पदर लावून निघून गेली.

मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत उभा राहिला. हात पुसून झाले तरी पुसतच होता.

"बाई, क्लचची प्लेट जळून कोळसा झालीय. नवी यायला शनिवार उजाडेल."

"बरं."

"तीन वर्षांतली ही चौथी प्लेट."

"नवशिकी माणसं. चालायचंच."

"इकडे या जरा." तो दार उघडून खाली बसला. "क्लचच्या दोन्ही पेडलांची ही रबरं मी एकाच दिवशी बसवली होती. दोन वर्षं झाली. हे शिकणाऱ्याच्या बाजूचं. बघा, अजून रेघा दिसतायत. आणि हे तुमच्या बाजूचं."

बाईंनी वाकून पाहिलं. त्यांच्या बाजूचं रबर झिजून मधोमध लोखंड उघडं पडलं होतं, आणि ते लोखंडसुद्धा चकचकीत.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं खरं, पण आवाज आधीच बदलला होता.

"म्हणजे क्लच तुम्ही चालवता, बाई. पहिल्यापासून. शिकणाऱ्याने पाय लवकर सोडला की तुम्ही खालून धरून ठेवता, गाडी बंद पडू नये म्हणून. तुमचा डावा पाय कधी त्यावरून उठतच नाही. म्हणून प्लेटा जळतात, आणि म्हणूनच..." तो थांबला. "ती बिचारी समजतेय तिने मोडली. मला बघवलं नाही, म्हणून बोललो."

बाई सरळ उभ्या राहिल्या. पर्स उचलली आणि चालत घरी गेल्या. संताप झाला होता. कालचं पोरगं, आपणच शिकवलेलं, आपल्याला क्लच शिकवतंय. पण चौकापर्यंत संताप टिकला, पुढे टिकेना. घरी जाऊन त्या खुर्चीत बसल्या आणि सहज म्हणून डोळ्यांसमोर गाडी आणली. चढ आला, शेजारचा माणूस गांगरला, आणि बाईंनी खाली पाहिलं. खुर्चीसमोरच्या फरशीवर त्यांचा डावा पाय दाबलेला होता.

मग एकेक आठवायला लागलं. शिवणवाली दोनदा नापास. दातांचे डॉक्टर तीनदा. मास्तरांनी मैदानावर सगळ्यांदेखत डोळे पुसले होते आणि बाईंनी त्यांना साहेबांच्या मिशांचं सांगून समजावलं होतं. करायला गेलो एक नि झालं भलतंच, म्हणतात ते हे. अठ्ठावीस वर्षं लोकांना आपण चालवायला शिकवतोय असं समजत होतो, आणि चालवत होतो आपणच. बाईंना इतकी लाज वाटली की त्या उठून उगाच भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी.

बुधवारी लायब्ररी उघडल्याउघडल्या बाई दाराशी उभ्या. आत वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे आणि भिंतीवर 'शांतता राखा'. म्हणून आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बाईंना कुजबुजत सांगावी लागली. क्लचचं, रबराचं, सगळं.

लायब्ररीवालीने हातातला शिक्का खाली ठेवला. "म्हणजे सहा महिने मी गाडी चालवतच नव्हते?"

"स्टीअरिंग तुझं होतं गं. खालचं माझं."

"मग मला येतंय काय?"

हा प्रश्न रास्त होता. "उद्या अकराला परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "आज दुपारी मी जादा पेडल नसलेली गाडी घेऊन येते. तू ये. माझ्यावर रागाव, नंतर हवं तेवढं रागाव, पण ये."

"दुसरी कशाला आणता, आमचीच आहे की दारात," लायब्ररीवाली म्हणाली. मग तिची मान खाली गेली. "ती नको पण. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मला जमलं नाही तर उद्यापासून हॉस्पिटलचं नावच काढणार नाहीत ते."

आता घोडं पेंड खात होतं ते इथे. गाडी आणायची म्हणजे कुणाकडे तरी मागायची. बाई बेकरीत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला तेव्हा पाव घेतला आणि बाहेर आल्या. पुन्हा रांगेत उभ्या राहून टोस्ट घेतले. तिसऱ्यांदा बिस्किटं घेताना बेकरीवाला म्हणाला, "बाई, घरी पाहुणे आलेत की काय?"

"गाडी पाहिजे होती," बाई एका दमात म्हणाल्या. "तुझी. दोन दिवस. नाही म्हणालास तरी चालेल."

बेकरीवाल्याने गल्ल्यामागच्या खिळ्यावरून किल्ली काढून बिस्किटांच्या पुड्यावर ठेवली. "मी सकाळपासून वाट बघतोय. मला वाटलं, पूर्ण बेकरी विकत घ्याल पण मागणार नाही."

"मिस्त्री बोलला वाटतं तुझ्याशी."

"त्याने काय बोलायचं? आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

बेकरीवाल्याने रांगेकडे पाहिलं, हात झटकले आणि बाईंना आत भट्टीशेजारी नेलं. "तुमच्या पायाचं. मी दोनदा नापास झालो तेव्हा मिस्त्रीने एका रविवारी मला त्याच्या गाडीवर एकट्याला सोडलं. दिवसभर बंद पाडली, संध्याकाळी चालवता आली. मग शिवणवालीला मी माझी दिली. तिने मास्तरांना दिली. डॉक्टरांना तर आम्ही चौघांनी मिळून आणलं वर. तेव्हापासून चालत आलंय ते. तुमच्याकडचं माणूस नापास झालं की आमच्यातलं कुणीतरी आपली गाडी देतं. फक्त तुम्हाला कळू द्यायचं नाही. अळीमिळी गुपचिळी."

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. "वीस-पंचवीस वर्षं? आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? पाय उचलला असता. मग पहिल्याच दिवशी गाडी बंद पडली असती, मागून लोकांनी हॉर्न मारले असते, आणि मी घरी जाऊन परत कधी आलो नसतो. माझ्या बापाने मला गाडी शिकवताना स्टीअरिंगवर असतानाच मारलेलं होतं, बाई. मला गाडीत नुसतं बसताना घाम फुटायचा. तो घाम तुमच्याकडे शिकताना गेला. क्लच काय, क्लच कुणीही शिकवेल."

"मग लायब्ररीवालीला का नाही दिली कुणी?"

बेकरीवाला ओशाळला. "ती नवीन. कुणाशी बोलत नाही, कुणाला काही सांगत नाही. नवरा आजारी आहे एवढंच माहीत. तिने मागितलं नाही, आणि आम्हीही आपणहून गेलो नाही. चुकलंच आमचं."

बाई पोत्यावरून उठल्या. डोळे भरून आले होते आणि ते भट्टीच्या धगीवर ढकलायची सोय होती, पण त्यांनी ढकललं नाही. सरळ पदराने पुसले. म्हणाल्या, "मेल्यांनो," आणि किल्ली घेतली.

दुपारी टाकीच्या चढावर लायब्ररीवालीने गाडी बंद पाडली. पुन्हा पाडली. बाईंचा डावा पाय खालच्या मॅटवर धडाधडा आपटत होता आणि प्रत्येक वेळी लायब्ररीवाली दचकून क्लच सोडत होती. शेवटी बाईंनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. चौसष्ट वर्षांची बाई, सीटबेल्ट लावून, मांडी घालून. येणारेजाणारे वळून बघत होते.

"आता?" लायब्ररीवालीने विचारलं.

"आता माझ्याकडे बघू नको. मी नाहीच इथे. क्लच हळू सोड, गाडी थरथरली की तिथेच थांब. ती थरथर पायाला कळते. मी सांगून नाही कळायची."

सात वेळा बंद पडली. बाईंनी नेहमीसारखं काहीतरी विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आठव्या वेळी गाडी थरथरली, लायब्ररीवाली थांबली, हँडब्रेक सोडला, आणि गाडी रडतखडत का होईना, स्वतःच्या पायाने वर गेली. वर पोहोचून तिने गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला. "कळली," ती म्हणाली. मग वळून परत खाली गेली आणि अंधार पडेपर्यंत चढत राहिली. बाईंच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पण त्यांनी मांडी मोडली नाही.

गुरुवारी मैदानावर साहेब तिच्या शेजारी बसले. बाई कडेला उभ्या. गाडी चढावर अर्ध्यात थांबली, नियमाप्रमाणे थांबवायचीच असते तिथे. आणि मग निघेना. एक सेकंद, दोन सेकंद. बाईंना वाटलं, संपलं. आपल्या सहा महिन्यांच्या शिकवण्याने तिच्या नवऱ्याचा जीव घेतला. गाडी किंचित मागे आली, थरथरली, थांबली, आणि वर गेली.

साहेबांनी कागदावर सही केली आणि पुढच्या माणसाकडे वळले. लायब्ररीवालीने कागद वाचला, पुन्हा वाचला, घड्याळात पाहिलं. पावणेबारा. एकला नवऱ्याला मशीनवर घ्यायचे, आणि ज्या शेजाऱ्याला सांगून ठेवलं होतं त्याने सकाळीच जमत नाही म्हणून कळवलं होतं. हे तिने बाईंना सांगितलंही नव्हतं. ती गाडीत बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला. बाई हात वर करून तिच्याकडे निघाल्या होत्या. पण ती रस्त्याकडे बघत होती, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, जसं बघायचं असतं तसं. मैदानाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, वळणावर इशारा दिला आणि दिसेनाशी झाली.

बाई हात तसाच वर धरून उभ्या होत्या. मग त्यांनी तो खाली घेतला, पर्समधून फोन काढला आणि मिस्त्रीला लावला.

"अरे, मी मैदानावर आहे. मला न्यायला येतोस का?"

"येतो की. पण बेकरीवाल्याची गाडी होती ना? ती कुठाय?"

"लायब्ररीवाली घेऊन गेली. नवऱ्याला न्यायला." बाईंचा आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला नाही. "मी इथे आहे हेसुद्धा विसरली रे ती. एकटी गेली."